श्वास काढलेला पाळणा

ताई, तुझ्या बाराव्याला मी खोटं बोललो. आज लिहायला बसलोय ते एवढ्याचसाठी. तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांचं चालूच आहे.

जेवणं उरकली होती. घोडपदेवच्या तुमच्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती, निम्मी गॅलरीत बसली होती. तुझ्या महिला मंडळातल्या एक काकू पत्रावळी गोळा करता करता मला म्हणाल्या, "शुभाताईंचे पाळणे रेकॉर्ड करणार होता ना हो तुम्ही? झाले का? एकदा ऐकवा ना." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तुझी सायली सातव्या महिन्याचं पोट सांभाळत भिंतीला टेकून बसली होती, तिनंही बघितलं. आणि आवाजाच्या धंद्यात आयुष्य काढलेला मी, तुझा सख्खा भाऊ, क्षणभरही न अडखळता म्हणालो, "मी किती मागे लागलो होतो. पण तिचंच मन नव्हतं. टाळत होती."

काकूंनी मान हलवली. "खरंय. त्या तशाच. स्वतःचं काही म्हणून पुढे करायच्या नाहीत." विषय संपला, माझी सुटका झाली. उत्तर द्यायला तू नव्हतीस.

तू रिटायर झालीस त्याच आठवड्यात मला फोन केला होतास. "बाबू, घरी गाणं रेकॉर्ड करायला काय काय लागतं ते सांग. मी कीबोर्ड वाजवत गाणार. एवढंच." आईनं रचलेले सात-आठ पाळणे, तिच्या मालवणीतले, कागदावर कुठेच नव्हते. तिच्याकडून ते तुझ्याकडे आले आणि तुझ्यापाशीच थांबले होते. लालबाग-परळात कुणाकडे बारसं असलं की तू कीबोर्ड पिशवीत घालून निघायचीस. काही घरांतून तर 'कीबोर्डवाल्या काकू' आल्याशिवाय बाळाला पाळण्यात घालायचंच नाही असं ठरून गेलं होतं. पुढे सायलीला दिवस गेले आणि तुला घाईच झाली. "ती ठाण्याला, मी इथे. मी काय रोज जाणारेय? माझा आवाज तरी तिच्या घरात असू दे," म्हणालीस.

दुसरा कुणी असता तर संध्याकाळपर्यंत सामान सांगून मोकळा झाला असता. एक बरा माइक, एक स्टँड, कानाला हेडफोन, आणि माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी छोटी पेटी, जिला आम्ही इंटरफेस म्हणतो. कीबोर्डची वायरही त्याच पेटीत खुपसायची. झालं. पण मी पडलो जाणकार. मी यादी केली, मग ती खोडली, मग दुसरी केली. या पेटीत आवाज पातळ येतो, त्या माइकचं नवीन मॉडेल येतंय, जरा थांब. दर रविवारी तू विचारायचीस आणि दर रविवारी माझ्याकडे नवीन कारण असायचं. खरं सांगू? मला ते आवडत होतं. लहानपणापासून तू सांगायचीस आणि मी ऐकायचो. पहिल्यांदाच तू मला काहीतरी विचारत होतीस, आणि ते लवकर संपू नये असं मला वाटत होतं.

शेवटी तूच मला ओढून लॅमिंग्टन रोडला नेलंस. दुकानदारानं तुझी साडी, पर्स, चष्मा बघून विचारलं, "मॅडम, पॉडकास्ट के लिए चाहिए?" तू म्हणालीस, "नहीं भैया, पाळणा के लिए." तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मग तुझी नजर काचेतल्या एका हेडसेटवर गेली. कानावरून येऊन तोंडापाशी वाकलेला, साधा माइक. तू तो लगेच डोक्यावर चढवलास, काउंटरवर कीबोर्ड असल्यासारखी बोटं ठेवलीस, डावीकडे मान वळवलीस आणि गुणगुणून बघितलंस. "बघ, मान कुठेही वळली तरी हा तोंडापाशीच राहतो. हाच घेऊ या की."

मला लाज वाटली, ताई. दुकानात आमच्या लाइनीतला एक ओळखीचा उभा होता. मी हळू आवाजात म्हणालो, "काढ ते. हॉटेलात तंबोला पुकारणारे घालतात तसले." तू काढलास. मी निवडला तो मोठा, नाजूक, स्टुडिओतला माइक. पलीकडच्या खोलीत कुणी कूस बदलली तरी पकडणारा. "तुझं तू बघ रे, माका काय कळता," म्हणालीस. तुझ्या तोंडून मालवणी आली की तू एकतर खुशीत असायचीस नाहीतर मनातून पटलेलं नसायचं. त्या दिवशी कुठलं होतं हे मला कळलं होतं. तरी नंतर गिरगावात शिरून तू मला पियुष पाजलंस, आणि माझ्या मिशीला लागलेलं पुसायला पदर पुढे केलास. पन्नाशीच्या माणसाला भर हॉटेलात.

माइक घरी आला आणि त्यानं सगळी चाळ पकडली. शेजारचा कुकर, नळाला पाणी आलं की होणारी बादल्यांची आदळआपट, खालच्या मजल्यावरच्या भावे आजोबांचा खोकला. मी खिडकीला गाद्या लावल्या. पंखा बंद केला. तू घामानं निथळत होतीस. "अरे, पाळणा काय रिकाम्या घरात म्हणतात?" तू म्हणालीस. "पोर झोपवायचं म्हणजे बाहेर आवाज असणारच." मी म्हटलं, "ताई, रेकॉर्डिंगचं शास्त्र असतं." तू पदरानं घाम पुसलास आणि पुन्हा कीबोर्डवर हात ठेवलेस.

मग तुझ्या बांगड्या. बोटं सुरांवरून फिरली की किणकिण व्हायची आणि ती पाळण्याच्या शब्दांवर यायची. मी म्हटलं, काढून ठेव. तू डोळे वटारलेस. "बांगड्या काढ म्हणतोस, मेल्या? भावोजी जिवंत आहेत तुझे!" आतून भावोजींचा आवाज आला, "आहे, आहे अजून!" आपण तिघंही हसलो. तू बांगड्यांना रुमाल गुंडाळलास आणि त्या जखडलेल्या हातांनी वाजवायला बसलीस. तुला नेताना ते हात हिरव्या चुड्यानं भरलेले होते. त्यांच्याकडे मला बघवलं नाही.

रुमालानंही माझं समाधान झालं नाही. मी म्हटलं, आधी नुसता कीबोर्ड वाजव, मग तो कानात ऐकत नुसतं गा. सगळे तसंच करतात. तू प्रयत्न केलास. पण हात रिकामे ठेवून तुला गाता येईना. मी बघत होतो, हेडफोन लावून तू गात होतीस आणि तुझी बोटं मांडीवरच्या पदरावर पाळण्याचे सूर दाबत होती. दुसऱ्याच ओळीला चुकलीस. "मला हे वेगळं वेगळं नाही रे जमत. माझं गाणं हातातूनच येतं." हे ऐकून कुठल्याही गाढवालासुद्धा कळलं असतं की या बाईला काय सामान हवंय. तू पहिल्याच फोनवर सांगितलं होतंस, वाजवत गाणार, एवढंच. मी म्हटलं, "सवय नाही म्हणून. होईल."

एकदाच, फक्त एकदाच, तुझ्या हट्टाखातर आपण दोन्ही एकत्र घेतलं. शनिवारची दुपार होती. 'दारातल्या माडाक बांधलो पाळणो' या पाळण्याचं एकच कडवं, दीड मिनिट. ट्रायल, असं मी म्हणालो.

आता ऐक, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या डबिंगच्या कामात गाण्यातले, बोलण्यातले श्वास काढून टाकायची पद्धत आहे. दोन वाक्यांमधला 'हः' कापायचा, तिथे शांतता घालायची. मला त्याची इतकी सवय आहे की बातम्या ऐकतानाही माझं बोट कापायला वळवळतं. ते दीड मिनिट मी परळला स्टुडिओत नेलं आणि दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून स्वच्छ केलं. तुझे श्वास फार होते. पूर्वी तू 'माडाक' म्हणून मग श्वास घ्यायचीस. आता 'मा' आणि 'डाक' यांच्यामध्ये घेत होतीस. मी तो काढला, दोन्ही तुकडे जोडले आणि स्वतःवरच खूश झालो. काम संपल्यावर मूळ फाइलवरच सेव्ह केलं, म्हणजे मूळ पुसलं गेलं. ट्रायल तर होती.

पुढच्या रविवारी तुला ऐकवलं. हेडफोन दोन्ही हातांनी धरून तू शेवटपर्यंत ऐकलंस. मग काढून ठेवलास आणि म्हणालीस, "बाबू, ही बाई श्वास कधी घेते रे?"

मी म्हटलं, "तीच तर मजा आहे. सगळे काढलेत."

"आईच्या पाळण्यातले श्वास काढलेस? अरे, त्या थांबण्यातच पोर झोपतं."

मला राग आला. दोन तास घालवले होते मी. मी म्हटलं, "मग श्वास जागच्या जागी घे ना! शब्दाच्या मध्येच तुटतेस ते बरं ऐकू येतं का? आणि पट्टी बघितलीस कुठे आणलीयस?" आणि मी कीबोर्डच्या पट्टी बदलायच्या बटणाकडे बोट दाखवलं. तुझ्या बोटांना एकच पट्टी ठाऊक होती, सफेद एक. गळ्याला जी पट्टी हवी ती तू बटण दाबून जुळवायचीस. आयुष्यभर काळी चारमध्ये गायलीस. त्या दिवशी बटण काळी तीनच्याही खाली होतं. "हल्ली खालीच बरं वाटतं," तू म्हणालीस. आणि मी, ज्याला ऐकायचा पगार मिळतो, तो म्हणालो, "रियाज सुटलाय तुझा. आवाज बसलाय. दोन महिने रोज सकाळी खर्ज लाव, खालचा सा धरून बस. आवाज वर आला की एकदाच नीट रेकॉर्ड करू."

"बरं," म्हणालीस.

तू खरंच रोज सकाळी खर्ज लावत बसायचीस, हे मला भावोजींनी तू गेल्यावर सांगितलं. सहाला उठून, भिंतीला उशी लावून. मध्ये मध्ये थांबून. "बाबूने सांगितलंय," म्हणायचीस म्हणे.

तुला हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टरांनी भावोजींना विचारलं, हृदय बऱ्याच महिन्यांपासून थकलेलं दिसतंय, यांना दम लागत असणार, तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही का? भावोजी म्हणाले, ती कधी बोलली नाही. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. मला सगळं ऐकू आलेलं होतं, ताई. कुठल्या शब्दात दम तुटतो, कुठल्या महिन्यात पट्टी किती उतरली, सगळं. माझ्याइतकं स्पष्ट तर त्या डॉक्टरांनीही ऐकलं नसेल. मी ते कापून फेकलं आणि वर तुलाच बोललो.

ऐकायला मला कुणी शिकवलं, सांग बघू. तूच. बाबा मिलमधून यायच्या वेळेला तू मला चाळीच्या गॅलरीत बसवायचीस आणि म्हणायचीस, डोळे मीट, जिन्यात कोण आलं सांग. मी सात वर्षांचा होतो. पावलांवरून मी आख्खा मजला ओळखायला लागलो. चपलेचा अंगठा तुटलेला कुणाचा, पिशवी जड कुणाची, कोण भांडून आलंय. माझं बरोबर आलं की तू टाळी द्यायचीस. पुढे मी नोकरीच्या परीक्षा द्याव्यात असं बाबांना वाटत होतं, तेव्हाही तूच त्यांच्यासमोर उभी राहिलीस. "त्याचे कान चांगले आहेत, त्याला त्यातलंच काहीतरी करू दे." त्या कानांवर माझं घर चाललं. मागचं वर्षभर मी तुझ्याकडे येऊन बसलेला असताना तू भाजी घेऊन जिना चढायचीस, आणि तुझी पावलं मधल्या वळणावर थांबायची. मी खुर्चीत बसून यादी खोडत असायचो. पावलं ऐकायचो. थांबली, हे ऐकायचो. उठलो मात्र नाही.

तुला मी एकदाही म्हटलं नाही की तू छान गातेस. माझ्या तोंडातून तेवढंच कधी आलं नाही. 'इथे सूर हलला', 'तिथे शब्द खाल्लास', हे पुष्कळ आलं. तू गायचीस त्या बारशांना मी दोनदाच आलो असेन. दुसऱ्या वेळी चिंचपोकळीच्या त्या घरात तू कीबोर्डवर वाकून गात होतीस, शेजारी बायका कुजबुजत होत्या, कुठेतरी भांडं पडलं, आणि पाळण्यातलं ते पोर बघता बघता झोपलं. मी दाराशी उभा होतो. पाळणा संपल्यावरही मी तिथून हललो नाही. तरी खाली उतरताना मी तुला काय म्हणालो आठवतं? "स्पीकर फाटत होता."

बाराव्यानंतर पंधरा दिवस मी तुमच्या घराकडे फिरकलो नाही. मागच्या रविवारी सकाळी गेलो. भावोजी खाली बसून डाळिंब्या सोलत होते, एकटेच. मी त्यांच्यासमोर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. यादीचं, माइकचं, श्वासांचं, आणि बाराव्याला जे बोललो त्याचं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मला काय सांगतोस बाबू," ते म्हणाले. "मी घरातच होतो. माझ्यासमोरच तर तू तिला थांब-थांब म्हणायचास."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तिच्या बाराव्याला तिच्या भावाला चार माणसांत खोटं पाडू? ती उठून आली असती मला बोलायला." मग त्यांनी सालं मुठीत गोळा करून बाजूला ठेवली. "पण सायलीला सांग. त्या दिवसापासून ती आईचं नाव घेत नाहीये. आईला माझ्या बाळासाठी चार ओळी गायच्या नव्हत्या, असं बसलंय तिच्या मनात. रडतही नाही पोर. माझं ऐकत नाही, म्हणते तुम्ही आईची बाजू घेताय. तू बोललास ते तिला खरं वाटलं. तू मामा आहेस ना."

मी तिथूनच, त्यांच्यासमोरच फोन लावला. मला वाटलं होतं तिला ठाण्याला जाऊन भेटून नीट सांगावं. पण 'नीट' या शब्दाची मला आता भीती वाटते.

सायलीनं सगळं ऐकून घेतलं. मी बोलायचा थांबलो तेव्हा म्हणाली, "म्हणजे आईला करायचं होतं?"

"हो. पहिल्या दिवसापासून. मीच नाही नाही म्हणत होतो."

"काहीच नाहीये तिचं?"

"दीड मिनिट आहे. पण ते मी बिघडवलंय, सायली."

"जसं आहे तसं पाठव." आणि मग ती रडायला लागली. भावोजींनी डाळिंब्यांचं भांडं बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघत राहिले, त्यांना फोनमधून ते ऐकू येत होतं. रडता रडताच ती म्हणाली, "मामा, पाच महिने मी तिला दर फोनवर विचारत होते, कधी करतेस, कधी करतेस. चिडायचे मी. एकदा तर म्हटलं, तुला नसेल करायचं तर तसं सांग. ती म्हणायची, अगं होईल, माझंच राहतंय, मीच आळशी. तिनं तुझं नाव एकदाही घेतलं नाही."

फोन तिनं ठेवला. अजून ती माझ्याशी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पाच महिने तू माझं नाव घेतलं नाहीस, ताई. मी पहिल्याच प्रश्नाला तुझं घेतलं.